शब्दचर्चा : पोर्ट वाईनची ‘नळी’ की पिंप?

प्रश्न : एका अनुवादित कादंबरीत ‘मुलगा जन्मला तेव्हा वडिलांनी पोर्ट वाईनची एक नळी घेऊन ठेवली’ असं वाक्य आहे. नळीत वाईन कशी ठेवतील? त्याच पानावर ‘तटबंद वाईन’ हाही शब्द आहे. कुणी उलगडा कराल का?

उत्तर : मूळ इंग्रजीत ‘पाइप’ असणार. पोर्ट ज्यात मुरवतात ते लाकडी पीप, आणि तेच तिचं मापही. जन्मलेल्या मुलासाठी असं पीप घेऊन ठेवायची रीत इंग्लंडच्या श्रीमंत घरांत होती. तेव्हा इथे सरळ ‘पोर्टचं पिंप’ म्हणावं. मुळात शब्दही तोच आहे! घमेलं, बालदी यांच्यासारखंच पिंपही आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आलं. त्यांचा शब्द ‘पीपा’.

पोर्तुगालात पोर्तो शहरासमोर, दोउरू नदीपलीकडे गाया हे गाव आहे. तिथल्या पोर्टच्या तळघरात थंड अंधारात ओळीने आडवी पिंपं, काळी पडलेली, अंगावर पांढऱ्या रंगात आकडे. वाटाड्या एकेका पिंपावर थाप मारत ‘पीपा, पीपा’ म्हणत होता, आणि मला आजोळच्या मोरीतलं पाण्याचं पिंप आठवलं. इतक्या दूर आपला शब्द असा भेटला की गळा दाटून येतो.

आता ‘तटबंद’. मूळ इंग्रजी शब्द ‘फोर्टिफाइड’ असणार; त्याचा एक अर्थ तटबंदी केलेला, पण वाईनच्या बाबतीत अर्क घालून कडक केलेली. दोउरू खोऱ्यातली द्राक्षं तुडवून रस आंबवायला ठेवतात. दोन-तीन दिवसांत निम्मी साखर उरलेली असतानाच त्यात ७७ टक्के मद्यार्क असलेला द्राक्षांचा अर्क ओततात. साधारण ४३५ लिटर रसाला ११५ लिटर अर्क, म्हणजे बरोब्बर ५५० लिटर, एक पिंप. अर्काने किण्व (यीस्ट) मरतं, गोडी तशीच राहते आणि मद्यार्क २० टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून ‘अर्क घालून कडक केलेली गोड वाईन’ असं सुटसुटीत लिहावं. पोर्तुगीज लोक हिला ‘जेनेरोझु’ म्हणतात, म्हणजे उदार. मला तो शब्द फार आवडतो.

प्रश्न : पिंप आणि पिंपळ, पिंपरी यांचं काही नातं?

उत्तर : नाही. पिंपळ संस्कृत ‘पिप्पल’वरून आला. पिंपाचं कूळ लॅटिन. इंग्रजी ‘पाइप’ त्याच कुळातला. त्यामुळेच तुमच्या अनुवादकाची गफलत झाली.

प्रश्न : पोर्टचा ‘टॉनी’ हा जो प्रकार आहे, त्याला मराठीत काय म्हणावं?

उत्तर : टॉनीच राहू द्या. पिंपात वर्षानुवर्षं मुरताना लाल रंग उतरून ती तांबूस-पिंगट होते. वीस वर्षांची टॉनी जेवणानंतर छोट्या पेल्यात घ्यावी. अक्रोड आणि सुक्या अंजिराची चव जिभेवर बराच वेळ रेंगाळते. वर्णन करायचंच तर ‘काकवीच्या रंगाची’ म्हणा, वाचकाला लगेच दिसेल.