नागपूरहून अंदमानला रॉड आणि रील घेऊन जायचंय: काय हातात, काय चेक-इनमध्ये?

अंबाझरीचा_गळ
फेब्रुवारीत आम्ही तिघं जीटी (जायंट ट्रेव्हली मासा) मारायला अंदमानला चाललोय. नागपूर–चेन्नई–पोर्ट ब्लेअर, तिघांची तिकिटं एकाच पीएनआरवर, प्रत्येकी १५ किलो चेक-इन. इथल्या तलावांवर सामान गाडीच्या डिकीत टाकून नेतो, विमानात न्यायची ही पहिलीच वेळ.

सामान असं: प्रत्येकी एक ८ फुटी पॉपिंग रॉड (मूठ निघते, पण वरची कांडी १९० सेंमी राहते), एक तीन तुकड्यांचा जिगिंग रॉड, १४००० आणि १८००० साइजची रीलं, दहा पॉपर (पाण्यावर उडवायची नकली आमिषं), दहा जिग (खोल सोडायची शिशाची जड आमिषं), प्लायर, फिलेट सुरी, पॉवर बँक, हेडलॅम्प. रीलं महागडी आहेत, ती चेक-इनमध्ये टाकायला मन धजत नाही. सिक्युरिटीवाले अडवतात का? आणि ती १९० सेंमीची कांडी कशी न्यायची?

शिसं_आणि_दोरा
भाऊ, आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. लांबी, वजन आणि नग हा एअरलाइनचा विषय. धोका आहे की नाही, हे सीआयएसएफ ठरवतं. एअरलाइनच्या काउंटरवर "चालेल" म्हणाले म्हणून आत चालेलच असं नाही, आणि उलटही नाही.

हातातल्या बॅगेत रील, पॉवर बँक, कॅमेरा, औषधं, बस. गळ, ट्रेबल (तीन टोकांचा गळ), प्लायर, कात्री, सुरी, गॅफ (मासा ओढून घ्यायचा आकडा), शिसं आणि जिग सगळं चेक-इनमध्ये. हाताच्या बॅगेत क्रिकेट बॅट, हॉकी स्टिक, बिलियर्डची काठी चालत नाही, त्यामुळे रॉडचे तुकडेही काठीच्या हिशेबात धरले जाऊ शकतात. शिवाय सात फुटी रॉडचे चार तुकडे केले तरी एक तुकडा ५५ सेंमीच्या जवळ जातो, वर रॉडच्या पेटीची लांबी वेगळी. केबिन बॅगेची मर्यादाच ५५ सेंमी. म्हणून रॉड हातात न्यायचा विचार सोडा.

रीलवर बंदी नाही, पण स्पूलवरचा ३०० मीटर ब्रेड (विणलेला दोरा) पाहून "ही दोरी कशाला?" असं विचारतात. रील एका मऊ पाउचमध्ये ठेवा आणि स्वतःहून वेगळ्या ट्रेमध्ये काढून द्या. बॅगेत कपड्यांखाली दडलेली धातूची गोल वस्तू स्क्रीनवर दिसली की बॅग उघडणारच. जादा स्पूल आणि लीडरची (गळाजवळच्या जाड दोऱ्याची) रिळं चेक-इनमध्ये टाका.

तरीही ड्यूटीवरच्या अधिकाऱ्यानं नाही म्हटलं तर हुज्जत घालू नका, शेवटचा शब्द त्यांचाच. त्यासाठी एक पातळ घडीची बॅग आणि छोटं कुलूप जवळ ठेवा: बाहेर या, रीलं त्यात गुंडाळा, काउंटरवर द्या. हे जमायला वेळ लागतो, आणि देशांतर्गत काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं. सोनेगाव विमानतळावर अडीच तास आधी पोहोचा. चेन्नईला हातातलं सामान पुन्हा तपासलं गेलं तर नागपूरनं सोडलेलं रील तिथे अडू शकतं, हेही लक्षात ठेवा.

जिगबद्दल एक: २०० ग्रॅमचे दहा जिग म्हणजे दोन किलो शिसं. एक्स-रे शिशातून जात नाही, त्यामुळे सगळे एका डब्यात भरले तर स्क्रीनवर नुसता काळा ठोकळा दिसतो आणि बॅग बाजूला काढली जाते. पारदर्शक पिशव्यांत एका थरात पसरून, झिपच्या अगदी जवळ ठेवा. ट्रेबल काढून वेगळ्या डब्यात घाला किंवा टोकांवर कव्हर लावा. बॅग तपासणाऱ्याच्या बोटात ४/० चा ट्रेबल घुसला तर त्याला नाहक दुखापत, आणि तुमचं विमान निघून जाईल. सुरीला म्यान आणि वर टेप.

पाइपवाला_धरमपेठ
कांडीचं मी सांगतो. नेहमीच्या चेक-इन बॅगेला लांबी + रुंदी + उंची मिळून १५८ सेंमी धरतात. कांडी ज्यात न्याल ती नळी याच्या बाहेर जाणार, त्यामुळे तिकिटाचा पीएनआर देऊन एअरलाइनला आधी विचारा, जादा नग आधीच बुक करा (काउंटरवर महाग पडतो) आणि ईमेलवर होकार मागा. प्रिंट जवळ ठेवा.

नळीसाठी ११० मिमीचा एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा पीव्हीसी) पाइप. इतवारीत किंवा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पातळ भिंतीचा मीटरला साधारण एक किलो भरतो, म्हणजे दोन मीटरला दोन किलो. एका टोकाला एंड कॅप सॉल्व्हंट सिमेंटनं चिकटवा, एक दिवस सुकू द्या. दुसऱ्या टोकाला आटे असलेलं डोअर कॅप. ते नुसतं दाबून बसवायचं नाही, सामान उभं आपटलं की उडून जातं. आत दोन्ही टोकांना ५ सेंमी जाड फोम. कांडी १९० असेल तर पाइप २०० सेंमीच कापा.

यात तिघांच्या वरच्या कांड्या बसतील. गाइडच्या (दोरा ओवायच्या) रिंगा एकमेकींवर घासू नयेत म्हणून दोन कांड्या सरळ आणि एक उलटी, मधे जुनी सुती चादर, तीन ठिकाणी वेल्क्रो. टोकाच्या गाइडवर स्ट्रॉ चढवा. कांडी मोडते ती बहुतेक वेळा टोकाच्या शेवटच्या वीतभर भागात, आणि कारण असतं आतली हालचाल. नळी हलवून पाहा, खडखड झाली तर आणखी कापड कोंबा.

सिक्युरिटीला उघडता येईल असंच झाकण ठेवा, टेपचे वीस वेढे मारू नका. वर मोठ्या अक्षरात "फिशिंग रॉड", नाव, फोन, आणि हेच आतही एका कागदावर. काउंटरवर टॅग आयएक्सझेड म्हणजे पोर्ट ब्लेअरचाच लागलाय का ते स्वतः वाचा. पट्ट्यावर ढकलू नका, लांब सामान हातानं न्यायला सांगा.

पुढच्या वेळी तीन तुकड्यांचा पॉपिंग रॉड घ्या, हे माझं स्पष्ट मत. आजचे चांगले तुकडे एकसंध रॉडच्या जवळपासच ताकदीचे असतात.

अंबाझरीचा_गळ
दोघांचे आभार. बोटीवर फिश फाइंडरसाठी १२ व्होल्ट १२ एएच लिथियम बॅटरी नेऊ का? आणि रीलला मारायचा गंज-स्प्रे?

शिसं_आणि_दोरा
व्होल्ट × एएच = वॉट-अवर. तुमची १४४ भरते. १०० पर्यंत हातात चालतं, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते, त्यावर नाहीच. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टनं ७४ भरते, ती ठीक. सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक कधीही चेक-इनमध्ये नाही. हेडलॅम्पच्या जादा बॅटऱ्याही हातातच, प्रत्येक टोकाला टेप लावून.

गंजाचा ज्वलनशील स्प्रे दोन्हीकडे बंद. ग्रीसची छोटी ट्यूब न्या. लायटर कुठेच नाही. आपोआप फुगणाऱ्या लाइफ जॅकेटच्या गॅस सिलिंडरला परवानगी लागते, त्यापेक्षा बोटवाल्याकडचं फोमचं घ्या. उपग्रहावरून संदेश पाठवणारं गार्मिनचं इनरीच किंवा सॅटेलाइट फोन मात्र घरीच ठेवा. परवानगीशिवाय ते भारतात बेकायदा आहेत आणि विमानतळावर सापडलं तर प्रकरण पोलिसांपर्यंत जातं.

पाइपवाला_धरमपेठ
परतीचं: ओलं सामान जड भरतं, आदल्या संध्याकाळीच गोड्या पाण्यानं धुऊन पंख्याखाली वाळवा, रीलचा ड्रॅग (दोऱ्याचा ब्रेक) सैल करून ठेवा. किनाऱ्यावरचं प्रवाळ किंवा शंख-शिंपले बॅगेत घेऊ नका. प्रवाळ आणि शंखांच्या काही जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि पोर्ट ब्लेअरच्या तपासणीत ते पकडले जातात.