प्रतिसाद: हलवलेला कॅमेरा आणि पोफळीचे खोड

कॅमेरा मुद्दाम हलवून काढलेल्या चित्राला निसर्गछायाचित्र म्हणावे का, हा वर विचारलेला प्रश्न रास्त आहे. परंतु आधी तंत्राविषयी. गोव्यातल्या फोंडा-सत्तरीकडील कुळागरांतील (पोफळीच्या मिश्र बागांतील) सरळसोट पोफळी या प्रयोगासाठी उत्तम आहेत. आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १०० आणि शटर पाव ते अर्धा सेकंद उघडे ठेवून कॅमेरा खोडाच्या रेषेतच वरून खाली संथपणे नेला, तर पाने विरघळतात आणि उभ्या रेषा टिकतात. आडवा नेल्यास बहुधा नुसता चिखल उरतो. हालचाल शटर उघडण्यापूर्वी सुरू करून ते मिटल्यानंतरच थांबवावी. इतक्या वेळात जास्त प्रकाश आत येऊ नये, यासाठी पावसाळ्यात पोलरायझर (भिंगापुढचा, चकाकी कमी करणारा फिल्टर) सहसा पुरतो, कारण तो दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश अडवतो आणि ओल्या पानांवरची चकाकीही घालवतो (कोरड्या दिवसांत मात्र सहा स्टॉपचा, म्हणजे प्रकाश ६४ पटींनी घटवणारा एनडी, म्हणजे नुसता प्रकाश कमी करणारा करडा फिल्टर लागतो). संपादनात आपल्याकडचा पावसाळी हिरवा रंग आणखी भडक करण्याचा मोह मला अनाकलनीय वाटतो.

आता मूळ प्रश्न: फियाप (छायाचित्रकलेचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि पीएसए (अमेरिकेतील छायाचित्रण संस्था) यांच्या स्पर्धांतील निसर्ग विभागाच्या व्याख्येत चित्रातील घटक वाढवणे वा काढून टाकणे निषिद्ध आहे, त्यामुळे अनेक चित्रे एकत्र करून केलेली रचना तेथे बसत नाही. कॅमेरा हलवून टिपलेले चित्र एकाच क्लिकचे असले, तरी तेही मी खुल्या विभागातच पाठवीन.