हरारेतल्या आज्यांचा बाक: खरंच आफ्रिकन थेरपी की नुसतं लेबल?

चिंचगुळी: झिम्बाब्वेतल्या फ्रेंडशिप बेंचबद्दल बोलूया. तिथल्या डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांची एक पेशंट बसभाड्याला पैसे नाहीत म्हणून हॉस्पिटलला येऊ शकली नाही आणि तिनं जीव दिला. मग २००६ मध्ये त्यांनी हरारेच्या म्बारे वस्तीत १४ आज्यांना तयार केलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक, शेजारी आजी, बोला काय ते. तिथल्या शोना भाषेत डिप्रेशनसारख्या मनाच्या दुखण्याला म्हणतात कुफुंगिसिसा, म्हणजे अति विचार करणं. मी तर म्हणते हीच अस्सल आफ्रिकन थेरपी.

उलटतपासणी: अस्सल कसली डोंबलाची! बाकावर चालते ती प्रॉब्लेम सॉल्व्हिंग थेरपी, पश्चिमेतूनच आलेली. सगळे त्रास सांगा, त्यातला एक धरा, त्यावर काय करता येईल ते ठरवा. पायऱ्यांना शोना नावं दिली की झाली का ती देशी?

चिंचगुळी: अहो पण आधी नाव होतं मेंटल हेल्थ बेंच, आणि कोणी फिरकायलाच तयार नव्हतं. फ्रेंडशिप म्हणा हे आज्यांनीच सुचवलं. लोकांना कसं बसवायचं हे ज्याला कळतं, थेरपी त्याचीच ना?

आकडेमोड्या: भांडण नावावरून नको, २०१६ ची ट्रायल बघा. २४ दवाखाने, ५७३ पेशंट. सहा महिन्यांनी बाकवाल्यांपैकी साधारण १४ टक्क्यांना डिप्रेशन उरलं, नेहमीचे उपचार जरा सुधारून दिलेल्या गटात ५० टक्के. अजून काय पाहिजे?

उलटतपासणी: आकडे मान्य. पण मग लोक लगेच 'परंपरेत सगळं होतंच' सुरू करतात ना, त्याची चीड येते. घानात प्रार्थना छावण्यांत मनोरुग्णांना साखळदंडाने बांधून ठेवायचे, तेही परंपरा म्हणून खपवायचं का?

वाटसरू: त्या छावण्या ख्रिस्ती चर्चवाल्यांच्या आहेत हो, सगळी आफ्रिका एका पोत्यात नका भरू. नायजेरियाचं बघा की, १९५४ ला अबेओकुटाजवळच्या आरोत मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लॅम्बोंनी पेशंटना आसपासच्या गावांत नातेवाइकासोबत राहायला ठेवलं, उपचाराला हॉस्पिटलात यायचे, गावच्या वैदूंनाही सोबत घेतलं आणि तरी गोळ्या नि शॉक ट्रीटमेंट चालूच होती. दोन्ही एकत्र, कोणाचं काय बिघडलं?

उलटतपासणी: हे पटलं, गोळ्या सोडल्या नाहीत हे महत्त्वाचं. नाहीतर उद्या भास होणाऱ्यालाही कोणीतरी बाकावर बसवेल.

चिंचगुळी: नाही बसवत. कोणी जीव द्यायचं बोललं तर आज्या स्वतःच वरच्यांना कळवतात, तसं शिकवलंय त्यांना. तुम्ही आज्यांना फारच भोळं समजता.