लेट्रोझोल चालू असतानाच आईचा आजार हाडांत गेला, आता थेट केमोच का?

मिरजेची लेक
आई 61 वर्षांची, स्तनाचा कॅन्सर. ईआर-पीआर (हार्मोनचे रिसेप्टर) पॉझिटिव्ह, हर-टू (दुसरं एक प्रोटीन) निगेटिव्ह. ऑपरेशन, केमो, रेडिएशन उरकून लेट्रोझोल 2.5 ही हार्मोनची गोळी सुरू होती, तिसरं वर्ष सरत आलेलं. दिवाळीत चकल्या पाडताना कंबर धरून बसायला लागली, आम्ही म्हटलं वय झालं. आता पेट स्कॅनमध्ये मणक्यात आणि खुब्यात डाग. लिव्हर, फुफ्फुसं स्वच्छ. डॉक्टर 'हार्मोन रेझिस्टन्स' एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तेव्हापासून घरात कोर्ट भरलंय. मामी म्हणते, उपासाला गोळी चुकवली असणार. आईने सगळ्या रिकाम्या स्ट्रिपा बिस्किटाच्या डब्यात ठेवल्यात, येईल त्याला उघडून दाखवते. मला विचारायचंय, हे का झालं? आणि आता गोळी बदलतात की केमो? आईला शुगर आहे.

स्लाइडवाला
पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही. आधी मामींना सांगा, डबा बंद करा. लेट्रोझोल शरीरातलं इस्ट्रोजेन बनणं जवळजवळ थांबवते. त्या उपासमारीत काही पेशींच्या इएसआर1 जीनमध्ये बदल होतो आणि इस्ट्रोजेन पकडणारा रिसेप्टर (ईआर) इस्ट्रोजेनशिवायच चालू राहतो. हा बदल पहिल्या गाठीत क्वचितच सापडतो. गोळी नीट घेणाऱ्यांतही होतो. अर्थात कारण हे एकच नसतं, पीआयके3सीए वगैरे दुसऱ्या जीनमधले बदलही असतात. म्हणून तपासायचं.

हाडाची बायोप्सी ठरली तर एक गोष्ट आधीच बोलून ठेवा. हाड कापता यावं म्हणून ते मऊ करतात, त्यासाठी जोरकस ॲसिड वापरलं तर डीएनए खराब होतो आणि ईआरचा रिपोर्टही खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. ईडीटीए या सौम्य रसायनात करायला सांगा. वेळ जास्त लागतो, लागू दे. बायोप्सी शक्यच नसेल तर रक्तातून लिक्विड बायोप्सी होते. तिच्यात काही सापडलं नाही म्हणजे बदल नाहीच, असं मात्र नव्हे.

गोदाकाठ
ताई, मी स्वतः पेशंट, नाशिकची. माझंही गोळीवर असताना हाडातच आलं. केमो लगेच दिली नाही. लिव्हर-फुफ्फुसाला तातडीचा धोका नसेल तर सहसा आधी हार्मोनचाच दुसरा मार्ग घेतात. मला फुलवेस्ट्रंटचं इंजेक्शन आणि पाल्बोसिक्लिबची गोळी. फुलवेस्ट्रंट रिसेप्टरच मोडून काढतं. 250 ची दोन इंजेक्शनं, दोन्ही कुल्ल्यांत एकेक. पहिल्या महिन्यात पंधरवड्याने, मग महिन्याला. औषध एरंडेलात असतं, दाट. सिस्टर सिरिंज फ्रीजमधून काढून तळहातात धरून बसतात, मग सावकाश देतात. घाई करणारी सिस्टर आली की दोन दिवस कुशीवर वळता येत नाही. पाल्बो 21 दिवस घ्यायची, 7 दिवस सुट्टी, आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) सांभाळायचं. पांढऱ्या पेशी पडतात. 2023 मध्ये पेटंट संपल्यावर भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या, किंमत खूप उतरली. म्हणून ब्रँड विचारूनच घ्या.

हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड देणार असतील तर आधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. किडलेला दात नंतर काढणं फार जड जातं.

स्लाइडवाला
शुगरचं राहिलं. पीआयके3सीएमध्ये बदल सापडला तर अल्पेलिसिब नावाची गोळी निघते, तिने साखर भयंकर चढते. डॉक्टरांना मधुमेह आवर्जून सांगा, फाइलमध्ये असेलच असं धरू नका.

मावळतीचा
काढा, अश्वगंधा, शतावरी असलं काही चालू आहे का? तेही सांगा. आमच्याकडे सासूबाईंनी ते लपवलं होतं.

मिरजेची लेक
काढा नाही, पण शतावरी कल्प चालू होता दुधातून, मामीनेच आणून दिलेला! डबा उचलून ठेवलाय. लॅबला फोन केला, पलीकडच्या माणसाने आधी 'डीकॅल (हाड मऊ करणं) कशात' हा प्रश्न कधी कुणी विचारलाच नव्हता म्हणून सांगितलं, मग आत जाऊन विचारून आला. ॲसिडच वापरतात. गोदाकाठ ताई, बायोप्सी दुसरीकडे करायची तर पहिल्या गाठीच्या तुकड्यांच्या स्लाइड आणि ब्लॉक जुन्या हॉस्पिटलकडून मागून घ्यावे लागतात का?

गोदाकाठ
हो, अर्ज द्या, देतात. पावती घ्या आणि ब्लॉक उन्हात गाडीत ठेवू नका, मेणाचे असतात.