गोमन्तक, सकाळ आणि मालक कुटुंबं : प्रोजेक्टसाठी मदत हवीय

फोंड्याची वाचक:
मास कॉमच्या प्रोजेक्टला एका कुटुंबाच्या मालकीच्या प्रादेशिक मीडिया ग्रुपवर लिहायचंय. मी सकाळ घेतलाय, कारण आमच्याकडे आजोबांच्या वेळेपासून गोमन्तक हा गोव्यातला मराठी पेपर येतो आणि मला कितीतरी वर्षं तो इथल्याच कोणाचा तरी वाटायचा, पुण्याच्या ग्रुपचा आहे हे आत्ता कळलं. १९३२ ला नानासाहेब परुळेकरांनी सकाळ काढला, १९८५ ला सूत्रं प्रतापराव पवारांकडे आली, मग अ‍ॅग्रोवन हा शेतीचा पेपर, साम टीव्ही चॅनल... इथपर्यंत लिहून झालं पण नुसती यादी वाटतेय. मालक कोण यानं पेपरात नेमका काय फरक पडतो ते कसं शोधायचं?

डिचोलीचे आजोबा:
बाय, तू गोमन्तकापासूनच सुरुवात कर. गोव्याची मुक्ती झाली १९ डिसेंबर १९६१ ला आणि २४ मार्च १९६२ ला गोमन्तक निघाला पण, तेव्हा मालक चौगुले, पहिले संपादक बा. द. सातोस्कर. पुढच्या वर्षी नवहिंद टाइम्स, १९७० ला नवप्रभा, तिथे धेंपे. म्हणजे आमच्या पिढीचे हे पेपर खाणमालकांच्या घरचे. पण तेवढ्यावरून ते नुसते धंद्याचे होते असं लिहू नको हां. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही या जनमत कौलाच्या वेळी गोमन्तक विलीनीकरणाच्या बाजूनं आणि मडगावचा राष्ट्रमत विरोधात, आमच्या घरी वडील एक वाचायचे आणि काका दुसरा, जेवताना भांडणं व्हायची. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं, ३४,०२१ मतांनी विलीनीकरण हरलं, वडील त्या रात्री जेवले नाहीत. पेपरानं माणूस इतका हलायचा.

जुना वार्ताहर:
पैसा कुठून येतो ते बघ, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. खाणवाल्याचा पेपर तोट्यात गेला तरी खनिजाची बार्ज चालू असली की भागतं, पण ज्या कुटुंबाचा मुख्य धंदाच मीडिया आहे त्याला पेपरातूनच कमवावं लागतं, म्हणून मग पुरवण्या, चॅनल, प्रदर्शनं, इव्हेंट, आणि जाहिरात विभागाचा शब्द संपादकाइतकाच जड होतो. दोन्हीत अडचण आहे, फक्त जागा वेगळी. मी सांगे-केपे भागातून बातम्या द्यायचो, खनिज नेणाऱ्या टिप्पर ट्रकांची धूळ शाळेत जाते म्हणून फोटोसकट मोठी बातमी पाठवली, आतल्या पानावर चार ओळी आल्या, फोटो नाहीच. पेपरचं नाव घेत नाही. पण त्या शाळेच्या बाईंनी नंतर विचारलं तेव्हा मला मान वर करता आली नाही, ते अजून टोचतं.
तू एक कर, पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत जा आणि सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ च्या फायली माग, तेव्हा मायनिंग बंद झालं. खाणमालकांचा पेपर आणि बाहेरच्या ग्रुपचा पेपर शेजारी ठेव. पहिलं पान कोणाला दिलंय, ट्रकवाल्यांना किती जागा, ज्यांच्या शेतात गाळ गेला त्यांना किती, पट्टी घेऊन मोज. मालकी तिथे दिसेल.

म्हापशाहून:
सुप्रीम कोर्टाची केस सोडू नको! सरकारनं १९६० ला हुकूम काढला, पेपरच्या किमतीप्रमाणे पानं किती ते ठरवून दिलं, सकाळ कोर्टात गेला आणि जिंकला. कोर्ट म्हणालं पानं कमी करायला लावणं हा अभिव्यक्तीवरच घाला. आज कायद्याची मुलं ती केस शिकतात.
आणि एक, तरुण भारत बेळगावच्या ठाकुरांचा, पुढारी कोल्हापूरच्या जाधवांचा, लोकमत दर्डांचा. इथले बरेच मराठी पेपर घाटापलीकडच्या घरांचे. मला हे खुपतं. वाचक आपण, पण मोठे निर्णय तिकडे होतात.

फोंड्याची वाचक:
थँक्यू सगळ्यांना. शनिवारी पाटोला जातेय, २०१२ सोबत जानेवारी १९६७ च्या पण फायली मागते. आजोबा, तुमच्या वडिलांचं प्रोजेक्टमध्ये लिहिलं तर चालेल का? नाव नाही घालणार.

डिचोलीचे आजोबा:
घाल गो. काकांचं पण घाल, नाहीतर भांडण अर्धंच होईल.