रेमिंग्टनचा हात असताना इन्स्क्रिप्ट शिकावे का?

प्रश्न (सांगली)
नमस्कार. मी १८ वर्षे वकिलांच्या कार्यालयात मराठी टंकलेखन करते. मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टंकलेखन यंत्राच्या कळमांडणीवर, दिली आणि संगणक आल्यावर तोच हात जुन्या फाँटवर चालवला. गेल्या महिन्यात ईमेलने पाठवलेला वाटणीपत्राचा मसुदा समोरच्या कार्यालयात उघडला, तेव्हा पहिल्या ओळीपासून इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसली आणि तो परत आला. आता साहेबांना सगळे युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, हवे आहे. मुलगा म्हणतो, इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे लिही. पण तसे ‘वाळवा’ लिहिताना ‘ल’ की ‘ळ’ हे सुचवलेल्या शब्दांतून निवडत बसावे लागते, आणि मिळकतीच्या वर्णनात अशी गावे ओळीने येतात. इन्स्क्रिप्ट ही कळफलकाची वेगळी मांडणी शिकण्याचे धाडस या वयात करावे का?

उत्तर १ (सातारा)
ताई, मी टंकलेखन शिकवतो. आपली अडचण मांडणीची नसून फाँटची आहे. जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फाँट समोर नसला की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. युनिकोडसाठीही रेमिंग्टन मांडणी मिळते, त्यामुळे हात तोच ठेवता येतो. मात्र रेमिंग्टनमध्ये आपण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर देतो, तर युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. ही अदलाबदल प्रत्येक सॉफ्टवेअरला नीट जमतेच असे नाही. म्हणून काही बसवण्यापूर्वी ‘आर्थिक’ हा एकच शब्द टंकून पाहा. त्यात रफार आणि वेलांटी एकाच अक्षरावर येतात.

उत्तर २ (कऱ्हाड)
वरील सल्ला योग्य आहे, तरी मी इन्स्क्रिप्टच्या बाजूने बोलेन. ही मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट आहे आणि विंडोजमध्ये आयतीच असते, त्यामुळे दुसऱ्याच्या संगणकावर बसलो तरी काही उतरवून घ्यावे लागत नाही. स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला, आणि जसे उच्चारतो तसेच टंकायचे. आमच्या गावाचे नावच घ्या: के, शिफ्ट-जे, डी, यू, ई आणि डावा चौकटी कंस दाबला की ‘कऱ्हाड’ उमटते, अर्धा ‘ऱ्’ सकट, तर आपला ‘ळ’ शिफ्ट-एनवर आहे, निवडत बसणे नाही. शिवाय कन्नडचा ‘क’ही त्याच कळीवर असल्याने जतकडील कन्नड कागद आपल्याकडे येत असतील तर तेथेही हाच हात चालेल. पहिले तीन आठवडे मात्र वेग इतका पडतो की रडू येते. मला आले होते.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. मुलाने बसवून दिलेल्या रेमिंग्टनवर ‘आर्थिक’ टंकले, तर रफार ‘क’वर जाऊन बसला. उद्या दुसरे सॉफ्टवेअर पाहते. कामाचे मसुदे रेमिंग्टनवरच चालू ठेवीन आणि पक्षकार गेल्यावर अर्धा तास इन्स्क्रिप्ट गिरवीन. आज ‘वाळवा’ वीस वेळा टंकून झाले.