धाकटी म्हणते नाताळ म्हणजे सांताचा बड्डे! काय करू?

कॉलेजरोडची_आई:
जय ख्रिस्त सगळ्यांना. मोठा दुसरीत, धाकटी बालवाडीत. शाळेत सांता, मॉलमध्ये सांता, सोसायटीच्या ग्रुपवर पण सांताच, त्यामुळे पोरीच्या डोक्यात पक्कं बसलंय. सासूबाई म्हणतात सांता घरातून बंदच करा, पण वर्गातली सगळी पोरं लाल टोप्या घालणार आणि आपलंच ख्रिस्ती पोर तोंड पाडून बसणार हेही जिवावर येतं हो. बायबल उघडलं की दोघं पळतात. तुमच्याकडे कसं करता?

संडेस्कूल_ताई:
बंद नका करू, त्याची खरी गोष्ट सांगा. सांता म्हणजे मूळचा संत निकोलस, चौथ्या शतकातला मायराचा बिशप, आजच्या तुर्कस्तानातला. त्याचा सण 6 डिसेंबरला असतो, तेव्हा सांताचं काय ते त्याच दिवशी उरकून टाका, मुलांच्याच हातून कुणाला तरी गुपचूप खाऊ पोचवा, म्हणजे 25 तारीख प्रभूसाठी मोकळी. आणि बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय एका बैठकीत कशाला? आज फक्त मरिया आणि योसेफ नावनोंदणीला नाझरेथहून बेथलेहेमला निघाले, बास. उद्या उतारशाळेत जागा नाही. मुलं स्वतःच विचारतात पुढे काय झालं.

नाशिकरोडकर:
आम्ही कॅथलिक, आमच्याकडे आगमनकाळाच्या (नाताळाआधीचे चार आठवडे) पहिल्या रविवारी येशूजन्माचा गोठा मांडायला काढतो, आणि तो मुलांनीच करायचा, वाकडा झाला तर वाकडा. इगतपुरीकडून येताना भाताचा पेंढा आणतो. गव्हाण रिकामीच ठेवायची. बाळ येशू कपाटात, 24 च्या रात्री चर्चमधून मिस्साहून (प्रार्थनाविधी) आलो की घरातलं शेंडेफळ त्याला ठेवणार, झोप आली असली तरी. मागी लोक (बाळाला भेटी घेऊन आलेले पूर्वेचे ज्ञानी) लांब टीव्हीच्या टेबलावर, रोज वीतभर सरकवायचे, 6 जानेवारीला पोचतात. आमची पोरं दात घासायच्या आधी ते कुठवर आले बघतात 😄 (मागी तीनच होते असं मत्तयाच्या शुभवर्तमानात कुठे नाहीये, भेटी तीन म्हणून आपण तीन धरतो.) ही गोठ्याची प्रथा संत फ्रान्सिसने 1223 मध्ये इटलीत ग्रेच्चोला खरा बैल आणि गाढव आणून रूढ केली, हे सांगितलं की पोरं म्हणतात आपण पण बैल आणू.

आगाऊ_काका:
गोठा झकास. फक्त ते "चांगलं काम केलं की गव्हाणीत एक काडी टाक" वालं करू नका, बऱ्याच घरांत करतात. आमच्याकडे काड्या मोजण्यावरून मारामाऱ्या झाल्या. प्रभू काय मार्कं बघून आला का?

सिन्नरची_मावशी:
काका 😂 बरोबर बोललात. कॉलेजरोडच्या ताई, तुम्ही गाडी काढून पोरांना एखाद्या संध्याकाळी इकडं आणा. सुगीनंतर धनगर शेतात मेंढ्या बसवतात, खतासाठी शेतकरीच बोलावतात त्यांना. जाळी लावून मेंढरं कोंडलेली, कोकरं वेगळी, कुत्री जागी, आणि माणूस घोंगडी पांघरून उघड्यावर. आमच्या नातवाने विचारलं हे रात्रभर झोपत नाहीत का. तेव्हा सांगितलं की येशू जन्मल्याची बातमी घेऊन देवदूत पहिल्यांदा असल्याच माणसांकडे गेला, राजाकडे नाही. आता कॅरलमध्ये त्याला मेंढपाळच व्हायचंय, सांता नको. जाताना डब्यात करंज्या-चिवडा घ्या त्यांच्यासाठी, आणि कुत्र्यांपासून पोरांना जरा लांब ठेवा.